मांडीवरून ओळखलेला भुंगेरा

अमेरिकेत डेन्व्हरला निसर्गविज्ञानाचं मोठं संग्रहालय आहे. प्रागैतिहासिक जीवसृष्टीच्या तिथल्या प्रदर्शनात एक दगडी पाटी होती, १९९५ साली कोलोरॅडो राज्यात सापडलेली. पाटीवर एक भुंगेरा उमटलेला आहे, सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. पाय जागच्या जागी आहेत, आणि पाठीवरच्या दोन्ही झाकणांवर सारखीच, ठळक, गोलसर नक्षी आहे. जीवाश्म कीटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तपकिरी डाग येतो, पण हा मात्र कुणी रेखाटून ठेवल्यासारखा स्पष्ट आहे. त्याची ओळख लिहिली होती ‘लाँगहॉर्न’, म्हणजे लांब मिशांचा भुंगेरा. कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड ज्या कुलातला, त्याच कुलातला.

संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ फ्रँक-थॉर्स्टन क्रेल यांना त्याचे मागचे पाय खटकले. मांड्या फार जाड होत्या आणि नडग्या वाकड्या. भिरूडाच्या कुलात असे पाय शोभत नाहीत. क्रेल यांनी लक्झेंबर्गच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले फ्रान्चेस्को विताली यांना सोबत घेतलं. विताली हे लाँगहॉर्न भुंगेऱ्यांचेच अभ्यासक. म्हणजे ‘हा आमच्यातला नाही’ असं सांगायला त्या घराण्याचा जाणकारच साक्षीला आला. २०२१ साली दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि या भुंगेऱ्याला नाव मिळालं: पुलक्रिट्यूडो अटेनबरोई.

बातमी झाली ती नावाची, कारण ते निसर्गावरच्या माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड अटेनबरो यांच्यावरून ठेवलेलं होतं. पण खरं काम नावाच्या आधी होतं, आणि ते कसं चालतं हे पाहण्यासारखं आहे.

आधी दगडाकडे पाहू. कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या तीन राज्यांत पसरलेल्या या खडकांना ‘ग्रीन रिव्हर’ थर म्हणतात. ईओसीन काळात, म्हणजे हा भुंगेरा जगला तेव्हा, इथे मोठमोठी तळी होती. तळाशी बारीक गाळ साचायचा, पानाएवढ्या पातळ थरांत. खोल पाण्यात ऑक्सिजन कमी, म्हणून तळ उकरणारे आणि मेलेलं खाणारे प्राणी तिथे फारसे नसत. पाण्यात पडलेला कीटक तळाला गेला आणि त्याच्यावर गाळाची पांघरुणं चढत गेली, तर तो चपटा होऊन टिकण्याची शक्यता असायची. याच खडकांतले मासे जगभरच्या संग्रहालयांत आणि दुकानांतही दिसतात.

भुंगेऱ्यांना अशा टिकण्यात एक जास्तीची सोय असते. त्यांच्या पंखांची पुढची जोडी कडक होऊन तिची झाकणं बनलेली असतात. मऊ पोट कुजतं, पातळ पंख फाटतात, झाकणं मात्र राहतात. म्हणून जुन्या खडकांत पुष्कळदा नुसती सुटी झाकणंच मिळतात आणि एकट्या झाकणावरून नावं ठेवलेल्या भुंगेऱ्यांची यादी लांबलचक आहे. त्यातल्या कित्येकांचं कुल कोणतं हे सांगताना अभ्यासक हात राखूनच बोलतात, आणि ते योग्यच आहे. नुसत्या दारावरून घरात कोण राहतं ते किती कळणार? डेन्व्हरच्या पाटीचं मोल यासाठी की तिच्यावर पाय आहेत.

दगडात काय टिकलं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. आज जिवंत असलेल्या भुंगेऱ्यांत दोन जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या तर अभ्यासक बहुधा नराचं जननेंद्रिय सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींत तो अवयव वेगळा निघतो. चपट्या झालेल्या जीवाश्मात हा पुरावा सहसा मिळत नाही, आणि डीएनएचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे जीवाश्म भुंगेऱ्याची ‘जाती’ आणि अंगणातल्या भुंगेऱ्याची ‘जाती’ हे दोन्ही शब्द एकच असले तरी त्यांच्यामागचा पुरावा सारख्या वजनाचा नसतो. (इथे विश्वकोशाची पद्धत पाळतो आहे: प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ दोन्ही अर्थांनी चालते, तेवढा घोळ टाळावा म्हणून.)

आता ओळख. पहिली पायरी सोपी. झाकणं कडक आहेत आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत मिळतात, म्हणजे हा भुंगेऱ्यांच्या गणातला. ढेकणाच्या गणातल्या कीटकांत पुढच्या पंखांची टोकं एकमेकांवर चढतात आणि पाठीवर तिरकी फुली दिसते, ती इथे नाही. भुंगेऱ्यांचे चार उपगण आहेत. जगातल्या बहुतेक सगळ्या ओळखीच्या भुंगेऱ्यांप्रमाणे हाही ‘पॉलिफॅगा’ या सर्वांत मोठ्या उपगणात बसतो. इथवर कुणाचा वाद नाही.

अडचण पुढे आहे. भिरूडाचं कुल सेरॅम्बिसिडी आणि पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं कुल क्रायसोमेलिडी ही दोन्ही एकाच मोठ्या शाखेतली जवळची कुलं आहेत. दोघांचं पाऊल एकाच घडणीचं असतं. पावलाला सांधे पाच, पण मोजायला जावं तर चारच दिसतात. तिसरा सांधा दुभंगलेला, रुंद, खालून केसाळ असतो आणि चौथा इवलासा सांधा त्याच्या दोन फाकांमध्ये दडलेला असतो. जिवंत भुंगेरा काचेखाली आडवा केला तर तो चौथा सांधा शोधून काढता येतो, दगडात तो दिसला तर नशीब. मग राहतात शृंगिका, ज्यांना आपण मिशा म्हणतो. भिरूडाच्या कुलात त्या लांब असतात, पुष्कळदा डोळ्याला खाच असते आणि डोळा मिशीच्या बुडाला कवेत घेतो. पण अपवाद दोन्हीकडे आहेत. आखूड मिशांचे ‘लाँगहॉर्न’ आहेत, आणि पानं खाणाऱ्यांत लांब मिशांचेही आहेत. लांबट अंगाचा देखणा भुंगेरा पाहून कुणी त्याला लाँगहॉर्न म्हटलं तर ती चूक समजण्यासारखी आहे.

म्हणून निर्णय मांडीवर आला. क्रायसोमेलिडी कुलात सॅग्रिनी नावाचं एक छोटं उपकुल आहे. (कुलाचं नाव नेहमी ‘इडी’नं संपतं, उपकुलाचं ‘इनी’नं. नुसत्या शेपटावरून पायरी कळावी अशी ती सोय आहे.) या उपकुलातल्या भुंगेऱ्यांना इंग्रजीत बेडूकपाये म्हणतात, कारण त्यांच्या मागच्या मांड्या फुगीर आणि नडग्या बाकदार असतात. नाव बेडकाचं असलं तरी ते उड्या मारत नाहीत. आग्नेय आशियात आणि भारतातही आढळणाऱ्या सॅग्रा फेमोराटा या झगझगीत रंगांच्या जातीत नर या पायांनी एकमेकांशी झुंजतात, प्रतिस्पर्ध्याला पकडून फांदीवरून हुसकतात. मादीच्या मांड्या त्या मानानं बेताच्या असतात. अळ्या शेंगवर्गी वनस्पतींच्या खोडात वाढतात आणि तिथे खोड सुजून गाठ धरते.

पण फुगीर मांडी म्हणजे सॅग्रिनी असं समीकरण मांडता येत नाही, आणि सगळी मेख इथे आहे. पिसू भुंगेऱ्यांनाही मागच्या मांड्या जाड असतात. त्या मात्र खरोखर उडीसाठी, आणि आत कमानीसारखी स्प्रिंग असते. इडिमेरिडी या दूरच्या कुलातल्या काही नरांच्या मांड्या तर फुगवलेल्या फुग्यासारख्या दिसतात. एकच गोष्ट उत्क्रांतीत वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उपजते, त्यामुळे एका खुणेवर विसंबणारा हमखास फसतो. नडगीचा बाक, छातीच्या कवचाचा आकार, झाकणांची लांबी आणि पायांची ठेवण हे सगळं एकत्र कुठे जुळतं, ते पाहावं लागतं. शोधनिबंधातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच असतो: हा भुंगेरा कोणकोणत्या सारख्या दिसणाऱ्यांपासून नेमका कशानं वेगळा आहे. वाचायला तो अत्यंत रूक्ष असतो. घाईतला वाचक तो गाळतो, आणि पुढे ज्याला त्या नावाशी वाद घालायचा आहे तो आधी तोच काढून बसतो.

नक्षीचं काय? पाहणाऱ्याचं लक्ष आधी तिच्याकडे जातं, वर्गीकरण करणारा मात्र तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. एकाच जातीत ठिपके कमीजास्त होतात, आणि मूळ रंग तर दगडात बदललेलाच असतो. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत आणि इतरत्र सापडलेल्या काही भुंगेऱ्यांवर धातूसारखी झळाळी आजही दिसते. मारिया मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास त्यांच्या कवचाचे अतिसूक्ष्म थर तपासले. झळाळी देणारी थरांची रचना शाबूत होती, पण कोट्यवधी वर्षांच्या गाडलेपणात रंगाची छटा तांबड्याच्या बाजूला सरकलेली होती. म्हणजे आज हिरवा दिसणारा जीवाश्म भुंगेरा मुळात निळा असू शकतो. डेन्व्हरच्या भुंगेऱ्यात गडद आणि फिकट भाग कुठे कुठे होते एवढंच नक्षी सांगते. तेवढंही दुर्मीळ आहे.

सॅग्रिनीमध्ये ठेवल्यावर पुढचा प्रश्न: आजच्या कुठल्या प्रजातीत तो बसतो का? एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल स्कडर यांनी अमेरिकेतले जीवाश्म कीटक शेकड्यांनी वर्णिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे साम्य दिसलं की जिवंत प्रजातीचंच नाव दिलं जाई. नंतरच्या अभ्यासकांना अशी अनेक नावं उचलून दुसरीकडे ठेवावी लागली. आज उलट सावधगिरी आहे. जिवंत प्रजातींपैकी एकीचीही सगळी लक्षणं जुळत नसतील, तर नवी प्रजाती करायची. क्रेल आणि विताली यांनी तेच केलं. मला यात थोडा अतिरेकही दिसतो. जीवाश्मशास्त्रात एकेक जाती असलेल्या प्रजाती ढिगानं साचल्या आहेत. पण चुकीच्या घरात घुसवण्यापेक्षा वेगळं घर बरं, दुरुस्ती सोपी जाते.

चपट्या दगडाची मर्यादा अशी की एकच बाजू दिसते. राळेत, म्हणजे अंबरमध्ये, अडकलेला भुंगेरा चारी अंगांनी पाहता येतो. याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या खाणींत साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचं अंबर मिळतं. त्यातला एक चिमुकला भुंगेरा जोसेफ पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी २०१४ मध्ये वर्णिला: प्रोटोक्लॅव्हिजर ट्रायकोडेन्स. याचे आजचे नातेवाईक मुंग्यांच्या वारुळात फुकट पोसले जातात. त्यांच्या अंगावर केसांचे खास झुबके असतात आणि पोटाचे वरचे खंड सांधले जाऊन एकच सलग पत्रा झालेला असतो. सुरतच्या भुंगेऱ्याला झुबके आहेत, पण खंड अजून सुटे. म्हणजे आजच्या व्याख्येतलं एक लक्षण आहे, दुसरं नाही. अशा वेळी व्याख्या ताणायची की त्याला उंबऱ्यावर ठेवायचं, हे ठरवावं लागतं. पार्कर आणि ग्रिमाल्डी यांनी त्याला त्या गटाच्या बुंध्याशी ठेवलं. लक्षणं कुठल्या क्रमानं आली, हे त्या एका किड्यावरून कळलं: आधी झुबके, मग सांधलेलं पोट.

तिसरी तऱ्हा अगदीच अनपेक्षित. पोलंडमधल्या क्रासियेयुव इथे सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली विष्ठा मिळाली, बहुधा सायलेसॉरस या डायनोसॉरांच्या जवळच्या प्राण्याची. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर तीव्र क्षकिरणांनी ती न फोडता आतून पाहिली, तर दीडेक मिलिमीटरचे भुंगेरे निघाले, काहींचे पाय आणि मिशासुद्धा जाग्यावर. २०२१ मध्ये त्यांचं नाव ठरलं ट्रायामिक्सा कोप्रोलिथिका, आणि तेवढ्यासाठी नवं कुलही उभं करावं लागलं. कोप्रोलाइट म्हणजे दगड झालेली विष्ठा. नाव ठेवणाऱ्यांनी काही लपवलं नाही.

आता नावाचे नियम. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. मोजणी सुरू होते कार्ल लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून. प्रजातीचं नाव साऱ्या प्राणिसृष्टीत दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. ‘पुलक्रिट्यूडो’, लॅटिनमध्ये सौंदर्य, हे तसं मोकळं होतं. जातीचं नाव पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी ‘ई’ लागते, बाईच्या असेल तर लॅटिन स्त्रीलिंगी षष्ठी. विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातीशी जुळलं पाहिजे. नाव छापील किंवा रीतसर नोंदवलेल्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात प्रसिद्ध व्हावं लागतं. वर्तमानपत्रातल्या बातमीला किंवा भाषणाला इथे किंमत नाही.

आणि सर्वांत कळीची अट म्हणजे एक नमुना मुकर्रर करणं. त्याला होलोटाइप म्हणतात. १९९९ नंतर नवी जाती जाहीर करताना कोणता नमुना प्रमाण मानला आहे, हे सांगणं बंधनकारक झालं. संकेताच्या दृष्टीनं नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, कुलालाही नसतं. ते त्या एका दगडाला बांधलेलं असतं. उद्या कुणी सिद्ध केलं की क्रेल यांचं वर्गीकरण चुकलं, तरी त्या दगडातल्या प्राण्याचं जातिनाम अटेनबरोईच राहील, फक्त तो दुसऱ्या घरी जाईल.

हे घर बदलणं कसं घडतं, ते मुगाच्या डब्यात बघता येईल. मुगाला, चवळीला, हरभऱ्याला लागणारा तो बारका भुंगेरा लिनियसनं १७५८ मध्येच वर्णिला आणि सोंडेवाल्या किड्यांच्या प्रजातीत घातला: कर्क्युलिओ चायनेन्सिस. पुढे कळलं की हा सोंडे किडा नव्हेच. त्याला ब्रुकस प्रजातीत आणि नंतर कॅलोसोब्रुकसमध्ये नेलं. त्याचं स्वतंत्र कुल मानलं जाई, तेही मोडीत निघालं, आणि आज तो पानं खाणाऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुलातलं एक उपकुल, ब्रुकिनी, यात आहे. अडीचशे वर्षांत एवढी घरं फिरला, पण ‘चायनेन्सिस’ सुटलं नाही. कीटकशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव असं दिसेल: कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस (लिनियस, १७५८). हा कंस सजावटीचा नाही. ज्यानं नाव ठेवलं त्यानं वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं, असा त्याचा अर्थ. पुलक्रिट्यूडो अटेनबरोईपुढे क्रेल आणि विताली ही नावं बिनकंसाची आहेत, निदान अजून तरी.

व्यक्तींची नावं प्राण्यांना द्यावीत का, यावर हल्ली बरीच गरमागरमी आहे. स्लोव्हेनियातल्या गुहांमधल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याचं नाव १९३७ पासून अ‍ॅनॉफ्थॅल्मस हिटलेरी आहे, आणि ते बदललं जात नाही, कारण नावडतं नाव रद्द करण्याची तरतूदच संकेतात नाही. नाझी स्मरणवस्तू जमवणारे हौशी लोक त्याच्या मागे लागल्यानं बिचारा भुंगेराच संकटात आहे. मला स्वतःला लक्षणांवरून ठेवलेलं नाव जास्त आवडतं. अर्थात डेन्व्हरच्या भुंगेऱ्याला प्रजातिनाम सौंदर्याचं आणि जातिनाम माणसाचं देऊन दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत.

मुगाचा डबा उघडलाच आहे, तर एक भुंगेरा भिंगाखाली धरा. झाकणं आखूड, पोटाचं टोक बाहेर. मागच्या मांडीच्या खालच्या कडेला दात दिसतील. चिंचोक्याला आणि साठवणीच्या भुईमुगाला भोकं पाडणारा त्याचा भाऊबंद कॅरिडॉन सेराटस मिळाला तर आणखी चांगलं, त्याची मागची मांडी चांगलीच पोसलेली असते. बियांत राहणारे हे ब्रुकिनी आणि बेडूकपाये सॅग्रिनी एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मानले जातात. दोघांचं पोट शेंगवर्गी झाडांवर आहे, एकाचं मुख्यतः दाण्यावर, दुसऱ्याचं खोडावर.

डेन्व्हरच्या दगडाची ओळख दुरुस्त करण्याची किंमत इथे कळते. जिवंत प्राण्यांच्या डीएनएवरून घराणी कधी फुटली याचा अंदाज बांधतात, तेव्हा ते घड्याळ लावायला जीवाश्म लागतात. अमुक काळात अमुक उपकुल होतं, ही त्या गणितातली किमान मर्यादा. चुकीच्या कुलात ठेवलेला एक दगड गणितात गेला की तारखा भलतीकडे सरकतात. पुलक्रिट्यूडो सॅग्रिनी आहे असं मानलं, तर दोन गोष्टी पक्क्या होतात. आज आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका या खंडांत असलेले पण उत्तर अमेरिकेत मुळीच नसलेले हे भुंगेरे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तिथे होते. आणि उपकुल निदान तेवढं जुनं आहे. किती अधिक जुनं, याचा धागा मात्र भावंडाकडून मिळतो. जॉर्ज पॉइनर यांनी २००५ मध्ये कॅनडातल्या अंबरमधून मेसोपॅकिमेरस हा ब्रुकिनी भुंगेरा वर्णिला आहे, तो क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातला, म्हणजे डायनोसॉर अजून फिरत होते तेव्हाचा. ब्रुकिनी तेव्हा वेगळे झालेले असतील, तर सॅग्रिनीची शाखाही तेव्हापासून वेगळीच असली पाहिजे. अर्थात हे गणित मेसोपॅकिमेरसचं कुल बरोबर ठरवलं आहे, या गृहीतावर उभं आहे.